कोंबड्या, स्ट्रॉबेरी आणि बाबांचे गुडघे

ताई, तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही दोघंही हिंजवडीत नोकरीला. भोर तालुक्यात, भाटघर धरणाच्या मागच्या अंगाला वडिलांची सव्वा एकर जमीन. पावसाळ्यात खालच्या खाचरांत इंद्रायणी भात होतो, बाकीचे महिने सगळं पडून. तिथे दोनशे गावरान कोंबड्या आणि अर्धा एकर स्ट्रॉबेरी करायची, एक जोडपं कामाला ठेवायचं, तुम्ही शनिवार-रविवारी जायचं, माल पुण्यात विकायचा आणि पाच वर्षांत दोघांपैकी एकाची नोकरी सुटते का ते बघायचं. त्यासाठी कोंबडीची जात कोणती घ्यावी आणि भांडवल किती लागेल, असं तुम्ही विचारलंय.

जात आणि भांडवल, दोन्हींवर येतो. पण तुमच्या प्रश्नात अगदी शेवटी, जाता जाता लिहिल्यासारखं एक वाक्य आहे: ‘बाबा गावीच असतात, पण गुडघ्यांमुळे आता शेतात फारसे उतरत नाहीत.’ माझ्या लेखी सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच. बाबा तिथे नसते तर मी तुम्हाला सरळ आंबा किंवा बांबू लावायला सांगितलं असतं आणि उत्तर इथेच संपवलं असतं.

माझं थोडं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. पशुसंवर्धन खात्यात सातारा जिल्ह्यात नोकरी केली, निवृत्तीनंतर वाई तालुक्यात स्वतःच्या रानात कोंबड्या आणि थोडी स्ट्रॉबेरी करतो. पुण्या-मुंबईहून सल्ल्यासाठी येणाऱ्यांची रानं बघत असतो. बंद पडलेली खुराडी मी भरपूर पाहिली आहेत. त्यांतली जात चुकली म्हणून बंद पडलेली फार थोडी. बहुतेक ठिकाणी पैसाही होता, हौसही होती. मंगळवारी सकाळी सहाला दार उघडणारं आणि संध्याकाळी दिवेलागणीला ते लावणारं हक्काचं माणूस मात्र नव्हतं. कामाचं जोडपं दिवाळीला गावी जातं ते कार्तिकी झाली तरी परत येत नाही, किंवा शेजारच्या गावात ऊसतोडीची उचल मिळते आणि रातोरात जातं. कोंबडीला सुट्टी नसते आणि पिकलेली स्ट्रॉबेरी शनिवारपर्यंत थांबत नाही.

म्हणून तुमचा खरा प्रश्न मी असा मांडतो: रोज रानात असणाऱ्या एका सत्तरीच्या माणसाला, न वाकता, न उकिडवं बसता, किती काम झेपेल? तेवढ्यावर सगळं बेतायचं. तुमचे शनिवार-रविवार हे वरकड.

आधी तुमच्या मूळ बेताचा हिशेब करून टाकू. गावरान म्हणून जी कोंबडी आपण ओळखतो ती वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते आणि मधूनमधून खुडूक बसते, म्हणजे अंडी थांबवून उबवायला बसते. तेवढ्यावर धंदा होत नाही. सुधारित जाती घेतल्या, म्हणजे ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलंड रेड, तर मोकळ्यावर फिरणाऱ्या कोंबडीकडून वर्षाला १६५ अंडी धरायला हरकत नाही. पुस्तकात याहून जास्त लिहिलेलं असतं. भोरच्या पावसात मी एवढीच धरीन. दोनशे कोंबड्यांची रोजची सरासरी नव्वद अंडी झाली. पुण्यात थेट घरी पोचवून तेरा रुपयांना एक गेलं असं धरलं, तर रोजचे ११७० रुपये. आता खाद्य. एक कोंबडी दिवसाला ११० ग्रॅम खाते. बाहेर चरून त्यातलं पाव वाचवते असं मानू. तरी साडेसोळा किलो लागतं, ३५ रुपये किलोने ५८० रुपये. हातात रोजचे ५९०, महिन्याचे १७ हजार ७००. तुमच्या जोडप्याचा पगार तुम्हीच १६ हजार लिहिलाय. उरले सतराशे. त्यात औषध, लस, खाली अंथरायचं भाताचं तूस, वीज, पुण्यापर्यंतचं डिझेल आणि पुढच्या तुकडीची पिल्लं.

शिवाय पहिलं अंडं पडायला पाच-साडेपाच महिने लागतात आणि तोवर पक्षी नुसता खातो. पिल्लाची किंमत धरून एका तलंगेमागे, म्हणजे अंड्यावर यायच्या आधीच्या तरुण कोंबडीमागे, तीनशेच्या आसपास खर्च आधी होऊन बसतो. भाव तुमच्याकडे थोडे वेगळे असतील, ते घालून हिशेब पुन्हा करा. माझ्या अनुभवात आकडे बदलतात, निष्कर्ष बदलत नाही: दोनशे कोंबड्या पगारी माणसाचा पगार भागवतात, मालकाचा भागवत नाहीत. पगारी माणूस काढला तर साठ कोंबड्यासुद्धा महिन्याला चार-पाच हजार ठेवून जातात, आणि साठ कोंबड्या बाबांना झेपतील.

झेपतील, पण खुराडं त्यांच्या मापाने बांधलं तर. इथे जरा थांबून सांगतो, कारण या गोष्टी कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाहीत. एका कोंबडीला आत दोन चौरस फूट जागा लागते, म्हणजे साठांना बारा बाय दहाचं घर पुरतं. पण छत उतरतं असलं तरी सगळ्यात खालच्या बाजूलाही माणूस ताठ उभा राहील एवढी उंची ठेवा. गावात चार फुटी खुराडी बांधतात. तरुण माणूस वाकून आत शिरतो आणि सहा महिन्यांनी शिरायचा कंटाळा करू लागतो. बाबा तर शिरणारच नाहीत. जोतं दीड-दोन फूट उंच हवं, तुमच्याकडे पाऊस पाहता ते लागेलच. पण त्याला पायऱ्या करू नका, उतार करा. घराची लांबी पूर्व-पश्चिम. भिंत दोन फूट विटांची, वर जाळी, छपराला तीन फुटांची पाख आणि पश्चिमेला पावसाळ्यात सोडायला पोत्याचे पडदे.

अंडी घालायची खोकी भिंतीला बाहेरच्या बाजूने, कंबरेच्या उंचीवर बसवा. पाच कोंबड्यांना एक, म्हणजे बारा खोकी. प्रत्येक फूट-सव्वा फुटाचं, तळाला तूस, वर बाहेरून उघडणारी झडप. कोंबडी आतून चढते, बाबा बाहेरून झडप उचलून अंडी घेतात. आत जायचं कामच नाही. तसंच पाणी. बाहेर उंचावर टाकी, आत नळीला निपल, चोच लावली की पाणी सोडणारे. खाद्याचं पिंप दाराला लागून आणि आतली टांगती भांडी दाराजवळच, हात लांबवून भरता येतील अशी. आत जायचं ते दोन-तीन दिवसांतून एकदा तूस खालीवर करायला. ते काम शेजारच्या मुलाला द्या, किंवा शनिवारी तुम्ही करा. पावसाळ्यात मात्र हे काम टाळायचं नाही. तूस ओलं होऊन त्याच्या पापड्या धरल्या की आठवड्याभरात रक्ती हगवण येते.

जाळीचं सांगायलाच हवं. बाजारात ‘चिकन मेश’ म्हणून षटकोनी छिद्रांची पातळ जाळी मिळते. ती कोंबडी आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. खालच्या तीन फुटांना अर्धा इंची वेल्डमेश लावा आणि ती जमिनीत फूटभर गाडा. सकाळी दार उघडल्यावर मेलेल्या कोंबड्या दिसल्या तर कोणी मारल्या हे बहुतेक वेळा कळतं. तीन-चार पक्षी, मानेजवळ चावे आणि बाकी शरीर जवळजवळ शाबूत असेल तर मुंगूस. अख्खा पक्षी गायब आणि पिसांची रांग कुंपणापर्यंत असेल तर कुत्रं किंवा रानमांजर. फक्त अंडी नाहीशी होत असतील तर आधी साप आणि घोरपड बघा, मग गडीमाणसावर संशय घ्या. बिबट्या तुमच्याकडेही आहेच. त्याच्यासाठी एकच उपाय: दिवेलागणीला दार बंद. आजकाल उजेडावर चालणारी आपोआप दारं मिळतात, पण मी ती बसवा म्हणणार नाही. बाबा संध्याकाळी येऊन कोंबड्या मोजतात ना, त्याच वेळी एखादी मान पाडून बसलेली त्यांच्या नजरेला पडते. दाराला ते दिसत नाही.

आता जात. ग्रामप्रिया अंड्यांना चांगली. वनराज आणि गिरिराज वजनदार, अंडी बेताची, मांसाला बऱ्या. कडकनाथचं नाव फार ऐकाल. झाबुव्याच्या या कोंबडीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि आपल्याकडे लोकांनी पिल्लांच्या जोड्या सोन्याच्या भावाने घेतल्या. अंडी कमी, गिऱ्हाईक ठरावीक. हौस म्हणून चार ठेवा, धंदा म्हणून नको. तुमच्यासाठी मी ग्रामप्रिया किंवा ऱ्होड आयलंड रेड म्हणेन. ऱ्होड आयलंडचं अंडं तपकिरी असतं आणि पुणेकरांना तपकिरी म्हणजे गावरान वाटतं. कवचाच्या रंगाचा चवीशी संबंध नाही हे मी गिऱ्हाइकांना सांगतो. ते हसतात आणि तपकिरीच मागतात.

एक दिवसाची पिल्लं खडकीच्या सरकारी उबवणी केंद्रात मागणी नोंदवून मिळतात, पण ती सरसकट असतात, निम्मे नर निघतात. शिवाय पहिले तीन आठवडे ऊब द्यावी लागते. पहिल्या आठवड्यात पस्तीस अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंशांनी कमी. रात्री लाइट गेली तर उठून शेगडी पेटवावी लागते. बाबांना ते जागरण नको. पहिल्या वर्षी आठ-दहा आठवड्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा घ्या. महाग पडतील, पडू द्या. घेताना लशींच्या तारखा लिहून मागा. ‘सगळं झालंय’ एवढ्या तोंडी उत्तरावर घेऊ नका.

लशींत मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, चुकवायची नाही. पिल्लांना लासोटा, पुढे आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बीचं इंजेक्शन. कुपी येते शंभर-दोनशे मात्रांची. ती बर्फावर आणायची आणि पाण्यात कालवली की तास-दोन तासांत संपवायची. तुमच्या साठ पक्ष्यांना टोचून उरलेली लस फेकू नका, त्याच दिवशी वाडीतल्या सगळ्यांच्या कोंबड्यांना टोचून घ्या. यात परोपकार थोडा, स्वार्थ जास्त. मानमोडी तुमच्याकडे येईल ती शेजारणीच्या मोकाट कोंबडीकडून किंवा जत्रेसाठी बाजारातून आणलेल्या कोंबड्यातून. बाहेरून आणलेला पक्षी तीन आठवडे लांब, वेगळ्या डालग्याखाली. पाहुण्यांनी भेट दिलेला असला तरी.

बर्ड फ्लूचं विचारलंय. २००६ मध्ये नवापूरला देशातला पहिला उद्रेक झाला, तेव्हापासून दर काही वर्षांनी कुठेतरी बातमी येते. तुमच्याकडे रोग यायची शक्यता कमी असते, पण बातमी आली की महिनाभर खप बसतो. दोनशे कोंबड्या आणि पगारी जोडपं असेल तर तो महिना खिशातून भरायचा. साठ असतील तर खाद्य भरून निघेना इतकीच झळ बसते. लहान ठेवा म्हणण्यामागे हेही एक कारण आहे.

कॅलेंडर कोंबड्यांना नसलं तरी खाणाऱ्यांना असतं. श्रावणात आणि नवरात्रात अंड्याला मागणी पडते, मार्गशीर्षातले गुरुवार सुने जातात. उलट आखाडात, गटारीपर्यंत, कोंबड्याला मागाल तो भाव. फेब्रुवारीत उबलेले नर आखाडाला बरोबर तयार होतात. तलंगा श्रावणात लहान लहान अंडी घालू लागतात, ती घरी आणि वाडीत खपतात. दिवाळीपर्यंत त्या भरात येतात आणि थंडीभर अंडी देतात. नेमकी तेव्हाच स्ट्रॉबेरी असते. हा मेळ धरून ठेवा, पुढे विक्रीत त्याचा उपयोग आहे. थंडीत दिवस लहान होतो, तेव्हा खुराड्यात पहाटे दोन-तीन तास एक दिवा लावा. एकूण उजेड चौदा तासांच्या पुढे राहिला पाहिजे.

स्ट्रॉबेरीबद्दल मी जरा हात आखडूनच बोलणार आहे. महाबळेश्वर-पाचगणीचं पठार तेरा-चौदाशे मीटरांवर आहे; तुमचं रान त्याच्या निम्म्या उंचीवर असेल. फुलं यायला लहान दिवस आणि गार रात्री लागतात, त्या डिसेंबर-जानेवारीत तुमच्याकडेही मिळतात. पण वर हंगाम एप्रिलपर्यंत चालतो, तुमच्याकडे फेब्रुवारी सरता सरता फळ बारीक होऊन आंबटपणाकडे झुकेल. म्हणजे बारा-तेरा आठवड्यांचा हंगाम धरा. तुमच्या आसपास पाच-सहा किलोमीटरमध्ये कुणी लावत असेल तर त्याच्याकडे आधी जाऊन बसा. तो माझ्यापेक्षा खरं सांगेल.

दुसरी अडचण जमिनीची. लागवड सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरात व्हायला हवी आणि इंद्रायणी तेव्हा शेतात उभा असतो. भात काढून, खाचर वाळवून, गादीवाफे ओढेपर्यंत नोव्हेंबर निम्मा जातो. तेव्हा लावलेलं रोप जानेवारीपर्यंत पानांतच राहतं. शिवाय खाचराची माती पाणी धरून ठेवते, तिथे मुळं कुजतात. म्हणून खाचराला हात लावू नका. बाबांचा भात बाबांना करू द्या. वरच्या अंगाला तुमचं वरकस असेल, निचऱ्याचं, तांबूस मातीचं. तिथे करा. माती तपासून घ्या. सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा असला तर उत्तम, आणि तुमच्या भागात तो बहुधा तसाच असतो.

तिसरी अडचण तोडणीची, आणि तीच मोठी. अर्ध्या एकरात अकरा हजार रोपं बसतात. रोपाला दहा रुपये धरले तर एक लाख दहा हजार नुसत्या रोपांचे; वाफ्यांवर अंथरायचा मल्चिंग पेपर, ठिबक, खतं वेगळी. एका रोपाला पाव किलोच फळ आलं, तरी पावणेतीन टन. हंगाम ऐन भरात असताना दिवसाआड ऐंशी-शंभर किलो तोडावं लागेल, म्हणजे दोनशे ग्रॅमच्या चार-पाचशे डब्या. ऊन चढायच्या आत, वाफ्यांमधल्या सरीत उकिडवं बसून, देठ नखाने खुडत. ओढलं की फळ टोपीपासून दुखावतं आणि दुसऱ्या दिवशी तिथून बुरशी धरतं. बाबांना हे होणार नाही. आणि बुधवारी सकाळी तोडलेल्या चारशे डब्या घेऊन भोरहून कोण निघणार? तुम्ही तर स्टँडअप मीटिंगला असाल.

म्हणून आकडा उलट बाजूने काढा, गिऱ्हाइकाकडून. साठ कोंबड्यांची आठवड्याला एकशे नव्वद अंडी होतात. अर्ध्या डझनाच्या बत्तीस पेट्या. म्हणजे तुमच्या सोसायटीतली आणि ऑफिसातली मिळून तीस घरं. याच तीस घरांना हिवाळ्यात आठवड्याला एक-दोन डब्या स्ट्रॉबेरी नक्की हवी असते. पन्नास डब्या म्हणजे दहा किलो. बारा-तेरा आठवड्यांचे सव्वाशे किलो. पाव किलोने पाचशे रोपं. तुमची पहिल्या वर्षाची स्ट्रॉबेरी एवढीच: एक गुंठ्याच्या आत, पाच हजारांची रोपं. अंड्याच्या गिऱ्हाइकावरच फळ विकायचं, फळासाठी नवं गिऱ्हाईक शोधायचं नाही.

पाचशे रोपांची तोडणी वाडीतली एक बाई तासाभरात उरकते. सोमवार, बुधवार आणि शनिवारी पहाटे. शनिवारचं फळ तुम्ही स्वतः तोडून त्याच दिवशी पुण्यात द्या, चांगलं ते आणि तेवढंच, मग पन्नास डब्या भरल्या नाहीत तरी चालेल. आठवड्याच्या मधलं फळ घरी जॅमला, वाडीत, किंवा कापूरहोळ फाट्यावर कुणी ओळखीचा दुकानदार असेल तर त्याच्याकडे. मधल्या फळाचे पैसे होतील असं धरूच नका. पुण्याला न्यायचं फळ तीन-चतुर्थांश लाल असताना तोडा, धुऊ नका, डबीत दोनपेक्षा जास्त थर नको.

रोपं विंटर डॉनची घ्या, लवकर येतात आणि तुमच्या लहान हंगामाला बरी. स्वीट चार्ली चवीला गोड पण नाजूक. रोपवाटिका वाई-पाचगणी भागात पुष्कळ आहेत. मदर प्लांट परदेशातून मे-जूनला येतात आणि त्यांच्या धावत्या फांद्यांची रोपं सप्टेंबरात मिळतात. जुलैतच सांगून ठेवा, नाहीतर सप्टेंबरात उरलंसुरलं पदरात पडतं. पक्ष्यांसाठी वरून जाळं लागेल. बुलबुल आणि मोर तुमच्या आधी उठतात. वानरांची टोळी वाडीत येत असेल तर मात्र आधी नीट विचार करा, त्यावर माझ्याकडे खात्रीचा इलाज नाही.

कोंबड्या आणि फळं एकाच रानात म्हणजे खताचा खर्च वाचला, असं तुम्ही लिहिलंय. वाचतो, पण दोन अटी आहेत. कोंबड्या स्ट्रॉबेरीत सोडायच्या नाहीत, कधीच. त्या मल्चिंग पेपर उकरतात, लाल दिसेल त्यावर चोच मारतात. भुरी रोगावर किंवा लाल कोळी किडीवर फवारणी केली असेल तर ते औषध पोटात जाऊन अंड्यात उतरू शकतं. दुसरी अट, विष्ठा ताजी घालायची नाही. ती उष्ण पडते, मुळं जाळते आणि जमिनीला टेकलेल्या फळावर जंतू चढवते. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत मातीला टेकणाऱ्या फळासाठी ताजं शेणखत आणि तोडणी यांत १२० दिवसांचं अंतर सांगितलंय. माझी रीत त्याहून सोपी आहे. मे महिन्यात खुराड्यातलं सगळं जुनं तूस काढायचं, पालापाचोळ्याबरोबर ढीग रचायचा, पावसाने वाहून जाऊ नये म्हणून वर ताडपत्री. मधे दोन-तीनदा पलटी. सप्टेंबरअखेर वाफे करायच्या वेळी ते काळं, भुसभुशीत, वास नसलेलं झालेलं असतं. तरीही हात राखून घाला. नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार आणि फळ पाणचट.

कोंबड्यांच्या आवारात लावायचं फळ वेगळं आहे, आणि तुमच्या जागी मी त्यावर जास्त मन लावेन: तुती. पाणी फार मागत नाही, कलमकाडीने लागते, दुसऱ्या वर्षापासून फळ देते. छाटून खांद्याएवढी ठेवली तर बाबा उभ्याने तोडू शकतात. खाली पडलेलं फळ कोंबड्या खातात, पाला खातात, उन्हाळ्यात सावलीला बसतात आणि घारीपासून आडोसाही होतो. फळ एका दिवसापलीकडे टिकत नाही, म्हणून ते बाजारात कमी दिसतं आणि म्हणूनच तुमच्या तीस घरांत त्याला किंमत आहे. आवार पाच-सहा गुंठ्यांचं करा, मधे कुंपण घालून दोन भाग, महिना महिना आलटून पालटून. एकच भाग ठेवला तर पहिल्याच हिवाळ्यात तो उघडाबोडका होतो आणि चरण्याने वाचणारं पाव खाद्य वाचत नाही. बांधाला करवंद लावा. वाढायला सावकाश, पण एकदा जाळी झाली की कुत्रं आत येत नाही, आणि चैत्रात लोणच्याला कच्ची करवंदं मिळतात. ब्लूबेरीचं विचारलंय, तिला फार आंबट माती लागते, म्हणजे कुंड्या, कोकोपीट आणि रोज मोजून खत. ते सध्या सोडा.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेजारचे दहा गुंठे तुमच्या यजमानांच्या नावावर घ्यायचा विचार आहे, पण महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन विकत घेता येत नाही. घ्यायची तर बाबांच्या नावावर. त्यातही तुकडेबंदी आहे, म्हणजे ठरलेल्या प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्याची खरेदी सहसा होत नाही. २०२३ मध्ये हे क्षेत्र बागायतीला दहा आणि जिरायतीला वीस गुंठे ठरवलं गेलं, त्यामुळे सातबाऱ्यावर त्या जमिनीची नोंद काय आहे ते आधी बघा. आणि एक गोष्ट नोकरदारांना उशिरा कळते: फळांचं उत्पन्न शेतीचं धरलं जातं, पण कोंबड्यांचं आयकरात शेतीचं धरत नाहीत. ते विवरणपत्रात दाखवावं लागतं.

एवढ्या सगळ्याचं गणित असं: साठ तलंगा, पाचशे रोपं, वीस-पंचवीस तुतीच्या काड्या, तीस घरं आणि पगारी माणूस नाही. भांडवल मुख्यतः खुराडं, कुंपण आणि पाण्याची टाकी. तिथे काटकसर नको, बाकी सगळीकडे करा. वाडीतली जी बाई तोडणीला येईल तिला मजुरी तर द्याच, वर दहा तलंगा अर्धलीने, म्हणजे निम्म्या वाट्याने, तिच्या नावच्या ठेवा. म्हणजे बाबा दवाखान्यात गेले त्या दिवशी खुराड्याचं दार उघडायला तिचंही कारण असेल. नोकरी यातून सुटणार नाही. दोन हिवाळे गेल्यावर घरं तीसाची साठ झाली आणि तुम्हाला नाही म्हणावं लागू लागलं, तर कोंबड्या वाढवायच्या.

यातलं काही ठरवण्याआधी मला तीन गोष्टी कळवा. विहिरीला किंवा बोअरला एप्रिलअखेर किती पाणी असतं. स्ट्रॉबेरी तोवर संपलेली असेल पण कोंबड्यांना उन्हाळ्यात दुप्पट पाणी लागतं. जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना किती लांब आणि तिथे लस ठेवायला चालू फ्रिज आहे का. आणि बाबांना हे सगळं विचारलंय का. तुमच्या प्रश्नात त्यांचे गुडघे आहेत, त्यांचं मत कुठे दिसलं नाही. कदाचित ते म्हणतील की कोंबड्या नकोत, दोन शेळ्या आणा. तसं असेल तर मला पुन्हा लिहा, हिशेब वेगळा मांडावा लागेल.